आधी विचारू या

भंडाऱ्यात रोवणीसाठी बांधीत उतरणाऱ्या अनेक बायांच्या कनवटीला खर्र्याची पुडी असते. कॅन्सरची भीती घालून ‘सोडा’ म्हटले, की त्या मान डोलावतात आणि पुडी लपवतात, हे मी कामात नेहमी पाहते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरक संवादाची पद्धत उपदेशाऐवजी विचारते : खर्रा तुला काय देतो? काय हिरावतो? तुला काय जमेल? उत्तर येते, ‘भूक मरते, कंबर दुखल्याचं समजत नाही.’ सोडण्याचे कारण तिच्याच तोंडून निघाले, तर निर्धार टिकण्याची शक्यता वाढते. पण ती भूक, ते कष्ट? हा प्रश्न तिच्या एकटीच्या निर्धाराचा नाही. मजुरीचा आणि विसाव्याचाही आहे. मैत्रिणींनो, ऐकलेले बैठकीत मांडू या.