विश्लेषण : कारखाना तोच, मग जनरल मोटर्स का अपयशी ठरली? अडचणीतल्या कार कंपन्यांच्या भागीदाऱ्या का फिसकटतात?

पुण्याजवळच्या तळेगावात ह्युंदाईच्या नव्या ‘व्हेन्यू’चे उत्पादन सुरू झाले आहे. याच कारखान्यातील जनरल मोटर्सचे (जीएम) उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले होते. जागा तीच, महामार्ग तोच, पुरवठादारही जवळचेच. मग जीएमचे बिनसले कुठे?

सुरुवात कशी झाली?

तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि १ जून २००९ रोजी खुद्द जीएमने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे नवा कारखाना जेमतेम नऊ महिन्यांचा असताना मालकच कर्जदारांच्या दारात उभा होता.

चिनी भागीदार कशासाठी?

डिसेंबर २००९ मध्ये भारतातील व्यवसायात निम्मा वाटा शांघायच्या ‘एसएआयसी’ला देण्याचे ठरले. भारतीय ग्राहकाला कोणती गाडी हवी, यापेक्षा पैसा कुठून उभा राहील, ही निकड मोठी होती. अडचणीतल्या कंपनीच्या भागीदारीत नेमके हेच होते. पुढे चीनमध्ये घडलेल्या ‘सेल’ आणि ‘एन्जॉय’ या गाड्या शेव्हरोलेचे बोधचिन्ह लावून इथे आल्या. त्या चालल्या नाहीत. जीएमने २०१२ मध्ये व्यवसायाचे नियंत्रण परत घेतले. पण एसएआयसीला भारताची ओळख झाली होती. २०१७ मध्ये तिने जीएमचाच गुजरातमधील हलोल कारखाना घेतला आणि ‘एमजी’ हा ब्रँड आणला. कालचा भागीदार त्याच आवारात स्वतःच्या ब्रँडच्या गाड्या बनवू लागला.

अब्ज डॉलरच्या घोषणेचे काय झाले?

मधल्या काळात ‘तवेरा’च्या उत्सर्जन चाचण्यांतील फेरफार उघड झाला आणि २०१३ मध्ये १ लाख १४ हजार गाड्या परत मागवाव्या लागल्या. तरीही जुलै २०१५ मध्ये भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच मे २०१७ मध्ये इथली विक्री बंद करण्याचा निर्णय आला. तोवर मूळ कंपनी नफ्यात होती. पण परतावा न देणारी बाजारपेठ सोडायची, हे धोरण पक्के झाले होते. त्याच वर्षी तिने युरोपातील ओपेल विकली आणि दक्षिण आफ्रिकाही सोडली. शेव्हरोले घेतलेल्या ग्राहकाच्या हाती उरली ती पुनर्विक्रीची चिंता.

देशी भागीदार असता तर?

तोही पुरेसा नसतो. महिंद्रा आणि रेनोची ‘लोगान’ २००७ मध्ये नाशिकहून आली. अबकारी करातील सवलत चार मीटरपर्यंतच्या गाड्यांना होती; लोगान सव्वाचार मीटरची. म्हणजे परदेशातला आराखडा जसाच्या तसा आणला आणि किंमत तिथेच बिघडली. २०१० मध्ये भागीदारी संपली. महिंद्राने तिचे नाव ‘व्हेरिटो’ केले आणि २०१३ मध्ये मागचा भाग छाटून चार मीटरच्या आतली ‘व्हाइब’ काढली. हे शहाणपण सहा वर्षे आधी सुचायला हवे होते!

टाटा-फियाटचा अनुभव याहून वेगळा. टाटांच्या दालनांतून फियाटच्या गाड्या खपेनात, म्हणून २०१२ मध्ये वितरण वेगळे करायचे ठरले. रांजणगावचा संयुक्त कारखाना मात्र टिकला, कारण तिथले १.३ लिटरचे डिझेल इंजिन टाटांनाही हवे होते. दोघांना रोज लागणारी वस्तू मध्ये असली, की भांडणे झाली तरी करार तुटत नाही.

कामगारांचे काय?

तळेगाव चीनच्या ‘ग्रेट वॉल’ला विकण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला. त्यानंतर शेजारी देशांतील गुंतवणुकीवर केंद्राने निर्बंध आणले, गलवानची चकमक झाली आणि मंजुरी अडकली. जून २०२२ अखेर तो करार रद्द झाला. ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार करून जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. यंत्रांना नवा मालक मिळेपर्यंत तीन वर्षे गेली. हजाराहून अधिक कामगारांना मात्र २०२१ मध्येच कामावरून कमी करण्यात आले होते. ह्युंदाईच्या करारात जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री होती, कामगार नव्हते.