फोटो कुणासाठी?

समाजकार्य म्हणजे नुसता सेवाभाव नव्हे, तो एक व्यवसायही आहे. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे त्याचं रीतसर शिक्षण मिळतं. आणि व्यवसाय म्हटला की जबाबदारी आली. वकील चुकला तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, डॉक्टर चुकला तर वैद्यकीय परिषदेकडे. समाजकार्यकर्ता चुकला तर? 2021 च्या एका कायद्यात वैद्यकीय आणि मानसोपचार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्यांसाठी मात्र अशी राष्ट्रीय परिषद अजून नाही. तिथे बराचसा भार ज्याच्या त्याच्या विवेकावर.

याचं रोज दिसणारं उदाहरण म्हणजे मदत देतानाचा फोटो. मागे संस्थेचा बॅनर, पुढे धान्याची पिशवी आणि मधे मान खाली घातलेली एखादी आजी. ‘आम्ही विचारूनच काढतो’ असं सांगतात. पण जिला पिशवी हवी आहे ती नाही कशी म्हणेल? नकार द्यायची सोयच नसेल तर त्या होकाराला संमती म्हणायचं का?

बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेसाठी 2017 चा कायदा आहे. आजीकडे असं ठळक कलम नाही. तिच्याकडे आहे तो फक्त समोरचा कार्यकर्ता.

चेहरा पुसट करूनही भागत नाही. आपल्या गोव्यात मागची बाल्कांव किंवा तुळशीवृंदावन दिसलं तरी अख्ख्या वाड्याला घर कळतं. मग पुढच्या वेळी तिची शेजारीण गरज असूनही मदत मागायला येत नाही. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही.

देणगीदारांना हिशेब हवा, हे मान्य. त्यांचा तो हक्कच आहे. पण त्यासाठी पावत्या आहेत, सहीचं रजिस्टर आहे, सामानाचा फोटो आहे. देणगीदार स्वतः येऊन कामही पाहू शकतो. घेणाऱ्याचा चेहरा हा हिशेबाचा भाग नाही.

आपल्यापैकी बरेच जण एनएसएसच्या शिबिरांना जातात, काही जण पुढे एमएसडब्ल्यू करणार आहेत. निदान आपण तरी एक नियम पाळूया: आधी मदत पोचवायची, तीही मोबाईल खिशात ठेवून. फोटोचं विचारायचंच असेल तर नंतर, आणि ‘नको’ म्हटलं तरी काही बिघडत नाही, हे समोरच्याला कळेल अशा शब्दांत.