न लिहिणाऱ्यांचे श्रेय

मराठीच्या बहुतेक संशोधकांना कामाच्या आरंभीच शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पाशी जावे लागते. 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची ही नोंद त्यांनी पुढे 1950 पर्यंत वाढवली. तीत सिद्धांत नाही, प्रतिपादन नाही. पण तिच्यावाचून कितीतरी प्रतिपादने उभीच राहिली नसती. अशा कामाचे मोल करण्याची सोय आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने ठेवलेली नाही, आणि ही उणीव आता संशोधनाच्या मुळावर येऊ लागली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये अध्यापकांच्या कामगिरीला गुणांक लावले. 2018 च्या नियमावलीतील तक्त्यात मानव्यविद्यांतील शोधनिबंधाला 10 गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला 10, तर त्याच्या संपादनाला 8 असा हिशेब आला. सूचीकार्य, हस्तलिखितांची वर्णनात्मक नोंद, इतरांच्या निबंधांचे परीक्षण यांना स्वतंत्र रकानाच नाही. दहा वर्षे खपून केलेली पाठनिश्चिती आणि चर्चासत्रातील निबंधांची बांधलेली मोट, दोन्ही ‘संपादन’च, गुण 8. मग जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळण्यात तरुण प्राध्यापकाने दोन वर्षे का घालवावीत? तो त्याच वेळात चार निबंध लिहितो. त्याला दोष देता येत नाही.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या 22 खंडांसाठी गावोगाव हिंडून कागद मिळवले. पहिला खंड 1898 चा. आजच्या तक्त्यात त्यांच्या प्रस्तावना कदाचित बसतील (त्याही परीक्षकांना लांब वाटतील!), पायपीट आणि दप्तरवाल्यांची मनधरणी बसणार नाही. श्री. पु. भागवतांचे तर आणखी अवघड. 1982 मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’तील एखाद्या कथेवर संपादकाचा हात कोठे फिरला, हे छापील पानावरून कळत नाही. नवकथेचा इतिहास मात्र त्या हाताला वगळून सांगता येत नाही.

यावर आक्षेप असा की, सूचीला गुण दिले तर सूच्यांचे पीक येईल. जुन्या याद्यांची नक्कल करून नव्या छापल्या जातील. आक्षेप खरा आहे. पण शोधनिबंधांचे वेगळे काय झाले? केवळ मोजणी ठेवली की कोणत्याही कामाची हीच गत होते. म्हणून नवा रकाना वाढवण्यापेक्षा पारख करणारी माणसे नेमावीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. सूचीतील पन्नास नोंदी मूळ अंकांशी ताडून पाहणे एखाद्या जाणत्याला एका दिवसात शक्य आहे.

काही गोष्टी तर आयोगाची वाट न पाहता विभागांनाच करता येतील. एखाद्या नियतकालिकाची सूची हा पूर्वी एम.फिल.च्या प्रबंधिकेचा विषय होऊ शकत असे. 2022 च्या नियमावलीने ती पदवीच बंद झाली. अशी सटीप सूची, विवेचक प्रस्तावनेसह, पीएच.डी.चा प्रबंध म्हणून स्वीकारायला अभ्यासमंडळांनी हरकत घेऊ नये. आणि संशोधनपत्रिकांनी वर्षाच्या शेवटच्या अंकात परीक्षकांची नावे, कोणता निबंध कोणी तपासला हे न सांगता, छापावीत.