कुलूपबंद कपाटे आणि शोधवृत्ती

माध्यमिक शाळांच्या दप्तरी ग्रंथालयाची नोंद असते, दाखल नोंदवहीही बहुधा नेटकी असते. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा सरंजाम, त्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना विश्वकोशाचा खंड स्वहस्ते उघडून, त्यातील संदर्भांवरून दुसऱ्या ग्रंथाकडे व तेथून तिसऱ्याकडे जाण्याची मुभा मिळते, हा प्रश्न तपासणीच्या शेऱ्यांत सहसा उमटत नाही. शिवजन्माचे वर्ष जुन्या पुस्तकांत १६२७ आणि नव्यांत १६३० का, या शंकेचा माग काढीत नववीतील एखादा मुलगा जेधे शकावली या जुन्या कालनोंदीपर्यंत पोहोचला, तर साधनांची तुलना म्हणजे काय, हे त्याला निराळे शिकवावे लागणार नाही. तयार मजकूर उतरवून सजविलेल्या प्रकल्पवहीतून मात्र ही दृष्टी लाभणे दुरापास्त. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रीत अग्रस्थानी मांडले. तथापि ग्रंथ गहाळ झाल्यास जाबजबाब, आणि तो कोणी न वाचल्यास मात्र कोणाचीच हरकत नाही, अशा रिवाजात बिचाऱ्या ग्रंथपालाने कपाटास कुलूप घातले, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी कसा मारावा? शिक्षण खात्याने वाजवी ग्रंथतूट माफ करणारे परिपत्रक प्रथम काढावे. ग्रंथालयाच्या तासिकेचा विचार मागाहून झाला तरी चालेल.