दगड येताना कुणी पाहिला?

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, लालचक्कीच्या अलीकडे, आमच्या ओळखीचं एक कुटुंब राहतं. फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या लष्करी बराकींपैकी एकीचा तो तुकडा. चार घरांवर एकच छप्पर, त्यामुळे आवाज कुठून आला ते कळतच नाही. तिथे रात्री पत्र्यावर दगड पडू लागले.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या पोरांनी शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात ‘असर’ हा शब्द निघाला. तिसऱ्या आठवड्यात बोट नव्या सुनेकडे वळलं. निकाह होऊन जेमतेम तीन महिने झालेले. “ती मोरीत गेली की दगड पडतो,” असं सासू म्हणाली, मग नणंद, मग सगळी गल्ली. एका आमिलने अकरा हजार सांगितले, आणि काम होईपर्यंत सुनेला माहेरी पाठवा असंही बजावलं.

आम्ही उभयता गेलो. घरात दहा-बारा माणसं होती. प्रत्येकाला वेगवेगळं बसवून एकच विचारलं, दगड येताना तुम्ही स्वतः पाहिला का? ऐकला होता सगळ्यांनी. पाहिला होता एकट्या चाचांनी, तोही सकाळी, पत्र्यावर पडलेला.

मग आम्ही एक वही दिली. तारीख, वेळ, त्या क्षणी कोण कुठे होतं. शिवाय एक अट: सून मोरीत गेली आणि दगड पडला नाही, तर तेही लिहायचं. सासूबाई म्हणाल्या, “जे झालंच नाही ते काय लिहायचं?”

खरी मेख तिथेच आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी संख्याशास्त्राच्या जाणकारांना घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली. दोनशे मुलांच्या कुंडल्या, त्यात शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या, नावं झाकून, आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती! एरवी खऱ्या ठरलेल्या भाकितांच्या कहाण्या गावभर फिरतात, चुकलेली कुणी मोजत नाही. इथे तीही मोजली.

आपणही काही वेगळे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून माणसं बाटल्या भरत होती, त्यात आपलेही भाऊबहीण होते. महापालिका पिऊ नका म्हणत होती. भर पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी तिथेच समुद्राला मिळतं, हे त्या गर्दीत कोण ऐकणार?

कुणी म्हणेल, जिन तर कुरआनात आहेत. आहेतच, आमचं त्यावर ईमान आहे. पण म्हणून या पत्र्यावरचा हा दगड जिननेच टाकला, असं ठरत नाही. जगात चोर आहेत, म्हणून हरवलेली प्रत्येक चावी चोराने नेलेली नसते. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहिम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतोय. केवढी मोठी निशाणी आपल्या बाजूने चालून आली होती! प्रेषितांनी (स.) ती नाकारली. ग्रहण कुणाच्या मरणाने वा जगण्याने लागत नाही, असं त्यांनी त्या दुःखातही सांगितलं.

बाराव्या दिवशी सासूबाईंनी धीर सोडला आणि सुनेला बदलापूरला माहेरी पाठवलं. वही मात्र चालू ठेवली, हे त्यांचं मोठेपण. त्याच रात्री दगड पडला. दोन दिवसांनी पुन्हा पडला. मागची पानं चाळली तर मोरी आणि दगड यांची गाठ एकदाच पडलेली होती, आणि दगडाविना मोरीच्या नोंदींनी दोन पानं भरली होती.

भानामतीच्या प्रकरणांत अंनिसचे कार्यकर्ते सांगतात की मागे माणसाचाच हात असतो, बहुतेकदा घरातल्याच कुणा दुखावलेल्या जिवाचा, आणि ते नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. इथे तो कुणाचा निघाला, ते आम्हीही लिहिणार नाही. त्या जिवाशी घरातल्यांनी शांतपणे बोलणं केलं आणि दगड थांबले.

सासूबाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलवाडीहून लोकल धरून सुनेला आणायला त्या स्वतः गेल्या. आमिलसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून पावसाआधी पत्रे बदलून घेतले.