बंदोबस्त कोणासाठी?

के. व्ही. आनंद दिग्दर्शित 'काप्पान' हा तमिळ चित्रपट २० सप्टेंबर २०१९ रोजी झळकला. काप्पान म्हणजे राखणारा, रक्षणकर्ता. तेलुगूत त्याचे नाव ठेवले 'बंदोबस्त'. हा शब्द मराठी माणसाला सांगायला नको, आपल्या वस्त्यांनी तो चांगलाच पाहिला आहे. नायक सूर्या हा पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी असलेल्या एसपीजीचा अधिकारी आणि सेंद्रिय शेती करणारा शेतकरीही. मोहनलाल पंतप्रधान, बोमन इराणी खलनायकी उद्योगपती. कावेरीच्या खोऱ्यातील सुपीक जमिनीवर भांडवलदाराचा डोळा असतो, पिकांवर किडींचा हल्ला सोडला जातो आणि पंतप्रधानांच्या जिवावर उठलेल्यांशी नायक लढतो. मध्येच पंतप्रधान मारले जातात आणि त्यांचा तरुण मुलगा सरळ गादीवर बसतो. लोकशाहीत मुलगा आपोआप वारस कसा, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. प्रेक्षकालाही पडत नाही, इतकी आपल्याला सवय झाली आहे.

भांडवलदार आणि सत्ता यांचे साटेलोटे पडद्यावर आले, हे चांगलेच झाले. पण चित्रपटातला शेतकरी जमिनीचा मालक आहे. त्या जमिनीत वाकून लावणी करणारा कोण? हेच ते जुने तंजावर खोरे, जिथे किळवेणमणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यात बायका आणि मुलेच अधिक. गुन्हा काय, तर शेतमजुरांनी मजुरीत थोडे धान्य वाढवून मागितले! जमीनदारांना खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तिथे उद्योगपती बाहेरून आला नव्हता. किडीही कोणी सोडल्या नव्हत्या.

आता खऱ्या बंदोबस्ताचा हिशेब पाहू. इंदिरा गांधींची ऑक्टोबर १९८४ मध्ये हत्या झाली आणि १९८५ साली एसपीजी उभी राहिली. १९८८ साली तिचा कायदा झाला. राजीव गांधींची सत्ता गेल्यावर त्यांचे हे कवच काढले गेले आणि २१ मे १९९१ रोजी तामिळनाडूतच, श्रीपेरुंबुदूरला, त्यांचा बळी गेला. मग कायदा बदलून माजी पंतप्रधानांनाही संरक्षण मिळाले. पुढे २०१९ च्या अखेरीस तो पुन्हा बदलला, आता पदावरील पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय, तसेच पद सोडल्यापासून पाच वर्षे माजी पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय एवढ्यांपुरताच. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात या दलासाठी सुमारे ५९२ कोटी रुपये ठेवले गेले. देशाच्या पंतप्रधानाला संरक्षण हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र राज्यकर्त्याचा जीव धोक्यात आला की संसद पुन्हा पुन्हा कायदा दुरुस्त करते, हे ध्यानात ठेवावे.

कारण दुसराही एक लोकप्रतिनिधी होता. मदुराई जिल्ह्यातील मेलवळवू ग्रामपंचायत १९९६ साली अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. सवर्णांनी निवडणूक उधळली, मतपेट्या पळवल्या, तरी मुरुगेसन अध्यक्ष झाले. त्यांच्या जिवाला धोका होता, हे प्रशासनाला ठाऊक होते. ३० जून १९९७ रोजी मदुराईहून बसने परतताना त्यांना आणि आणखी पाच जणांना भर दिवसा तोडण्यात आले. मुरुगेसन यांचे शिर धडावेगळे केले गेले. संविधानाने दिलेल्या खुर्चीवर बसण्याची ही किंमत! त्या सहा जणांसाठी कोणता काप्पान धावला? सतरा जणांना जन्मठेप झाली. त्यातल्या तेरा जणांना तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुदतीआधी सोडून दिले, निमित्त एम. जी. रामचंद्रन यांच्या जन्मशताब्दीचे. चित्रपट लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते आणि दिल्लीत एसपीजी कायद्याच्या दुरुस्तीवर खडाजंगी चालू होती. मेलवळवूच्या विधवांवर संसदेचा किती वेळ खर्च झाला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम १५ अ आले. शासनाने संरक्षण देणे ही मेहेरबानी उरली नाही, ते कर्तव्य झाले. पण कलम कागदावर राखते, वेशीवर राखायला शिपाई लागतो. तो शिपाईही बहुतेक वेळा त्याच गावच्या दबावाखाली असतो. आपल्याकडे खैरलांजीनंतर हे वेगळे सांगावे लागत नाही.

तामिळनाडूत एका राष्ट्रीय नेत्याला मात्र चोवीस तास बंदोबस्त आहे. गावोगावी बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी पिंजऱ्यात उभे आहेत. त्याच कावेरी खोऱ्याच्या टोकाला, नागपट्टिनम जिल्ह्यातील वेदारण्यम येथे, २५ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचा पुतळा दिवसाढवळ्या फोडण्यात आला. सरकारने रातोरात नवा पुतळा बसवला. चपळाई दिसली, पण ती दगडाच्या बाबतीत. ५ जुलै २०२४ रोजी चेन्नईच्या पेरंबूरमध्ये बहुजन समाज पक्षाचे प्रदेशाध्यक्ष के. आर्मस्ट्राँग यांना टोळक्याने स्वतःच्या बांधकाम चालू असलेल्या घरासमोर कोयत्यांनी तोडले. ते राजधानीचे शहर होते. वकील असलेले, ओळखले जाणारे, एका राष्ट्रीय पक्षाचे ते राज्यातील नेते होते, आणि त्या संध्याकाळी ते रस्त्यावर उभे होते.