चिटगुप्प्याची माणसे आणि जनगणनेतली मराठी



आपल्या बैठकीत चिटगुप्प्याच्या लोकसंख्येचा विषय निघाला की एक जण म्हणतो, गाव निम्मे मराठी आहे. दुसरा म्हणतो, निम्मे कसले, त्याहून जास्त. कानडी मित्राला विचारावे तर तो हसतो आणि म्हणतो, तुमची दोन-चार गल्ल्या घरे. तिघांपैकी कोणीही दारोदार जाऊन विचारलेले नसते. आडनाव, जात आणि गल्ली पाहून बांधलेले हे अंदाज असतात.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता जी व्हायची आहे तिचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे २०११ नंतर सोळा वर्षांनी गावाची मोजणी होत आहे. त्याआधी आपले गाव कोणाकोणाचे मिळून झाले आहे, हे आपण तरी नीट समजून घेतले पाहिजे.

निजामी अमलात चिटगुप्पा पायगा जहागिरीत होते. कचेरीची भाषा उर्दू होती. बाजारात कानडी, मराठी, तेलुगू आणि दखनी चारही चालत. शेजारच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी पदे रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदीतही. त्यांच्या दरबारात हिंदू व मुसलमान दोघेही येत. एका भाषेचे गाव ही कल्पनाच आपल्या मुलखाला परकी आहे.

मग आपण अल्पसंख्य केव्हा झालो? जुन्या अखंड बीदर जिल्ह्यात मराठी बोलणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा होता, पण तोही निम्म्याहून कमीच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले आणि हुमनाबादेबरोबर चिटगुप्पाही आले. उदगीर-निलंग्याची मराठी वस्ती हिशेबातून वजा झाली, त्यामुळे उरलेल्या जिल्ह्यात कानडीचे प्रमाण वाढले. आपण घर सोडले नव्हते, कोणी बाहेरून येऊन आपल्याला हटवलेही नव्हते. जिल्ह्याची हद्द बदलली होती. २०११ साली बीदर जिल्ह्याची लोकसंख्या १७,०३,३०० होती. त्यात कानडी मातृभाषा सांगणारे निम्म्याहून थोडे अधिक होते; बाकीच्यांत मुख्य भाषा उर्दू आणि मराठी.

आता गावातल्या हिशेबाकडे येऊ. लिंगायत म्हणजे कानडी, मराठा म्हणजे मराठी, मुसलमान म्हणजे उर्दू, हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. तो चुकीचा आहे. परमरहस्य हा ग्रंथ मराठीत लिहिणारे मन्मथस्वामी लिंगायतच होते. आजही उदगीर-लातूरकडची हजारो लिंगायत घरे मराठी बोलतात आणि त्यांच्या मुली आपल्या भागात सुना म्हणून येतात. उलट कर्नाटकात कितीतरी मराठा घराण्यांत आज चुलीपाशी कानडी बोलली जाते. आपल्या दलित वस्त्यांत मराठी बोलणारी घरे आहेत, त्यांना मात्र आपण मराठी म्हणून मोजायला विसरतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये, बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीआधी, कर्नाटक सरकारने मराठा विकास प्राधिकरण जाहीर केले. कानडी संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. तेव्हा सरकारने खुलासा केला की हे मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेशी याचा संबंध नाही. आपल्यातले अनेक जण त्या वेळी आनंदित झाले. पण त्या खुलाशाचा अर्थ असा की जात मोजली गेली आणि भाषा बाजूला राहिली. जातीच्या नावाने जे मिळेल त्यातून मराठी शाळेचा एक वर्गही उभा राहत नाही.

येत्या जनगणनेत ही गफलत वाढण्याची भीती आहे. १९३१ नंतर जनगणनेत फक्त अनुसूचित जाती-जमातींची नोंद होत आली. सगळ्या जाती मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. म्हणजे एकाच मोजणीत जातही विचारली जाईल आणि मातृभाषाही. 'मराठा' लिहिले म्हणजे 'मराठी' आपोआप आले, असे पुष्कळांना वाटेल. तसे होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची दोन वेगळी उत्तरे आहेत.

मातृभाषा म्हणजे काय, हेही स्पष्ट करायला हवे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती त्याची मातृभाषा. आई लवकर गेली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. तुम्ही सांगाल तेच लिहिणे हे प्रगणकाचे काम आहे, त्याने आडनावावरून ठरवायचे नसते. एकाच घरात सासू, सून आणि नातू यांची मातृभाषा वेगवेगळी असू शकते. म्हणून कर्त्या पुरुषाने सगळ्यांच्या वतीने एकच शब्द सांगून टाकू नये. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारल्या जातात. तिथे आपण कानडी जरूर लिहावी. कानडी आपल्याला येते, ती आपल्या गावाची भाषा आहे, ती लिहिल्याने मराठी कमी होत नाही.

नोंद झाल्यावर पुढे काय होते, तेही पाहा. लमाण बंधू आपली बोली लंबाडी सांगतात, पण अंतिम तक्त्यात ती हिंदीच्या आकड्यात मिळवली जाते. गावात एकही मूळचा हिंदी भाषक नसला तरी तक्त्यात हिंदी दिसते, ती अशी. तेव्हा तक्ता वाचतानाही डोळस राहावे लागते.

काही वडीलधारे म्हणतात, घरात काहीही बोलत असोत, सगळ्या मराठ्यांनी मराठीच लिहावे, आकडा वाढेल. हे मला मान्य नाही. आपण गेली कित्येक दशके सांगत आहोत की खेडे हा घटक धरा, खरी भाषिक बहुसंख्या पाहा. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा नेला तोही याच आधारावर. ज्याची मागणी खऱ्या आकड्यावर उभी आहे त्याने खोटा आकडा लिहून कसे चालेल? फुगवलेला आकडा मराठी शाळेच्या हजेरीपटावर लगेच उघडा पडतो.

दुसरे काही जण उलट बोलतात. कानडी लिहिले तर पोरांना नोकरीत बरे. यात तथ्य नाही. ३७१ (जे) खालचा लाभ या भागातल्या जन्मावर व रहिवासावर मिळतो, तिथे मातृभाषा विचारत नाहीत. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमची माहिती गुप्त राहते, ती कोणाला पाहता येत नाही. भिण्याचे कारण नाही.

खरी नोंद केली तर मिळते काय? राज्यघटनेचे कलम ३५० (अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ पासून ठरलेले आहे. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असेही ठरलेले आहे. या तरतुदी आकड्यावर चालतात. आमचे घराणे किती पिढ्यांचे, वाडा कोणाच्या काळातला, हे सांगायला जनगणनेत रकाना नाही. जुनेपणाचा अभिमान जरूर असावा, पण त्या अभिमानावर शिक्षकाची नेमणूक होत नाही.

म्हणून मंडळाला सुचवावेसे वाटते. प्रत्येक गल्लीत एक रविवार बसावे आणि मातृभाषेचा अर्थ समजावून सांगावा. आपल्या नात्यागोत्याच्या घरांपुरते थांबू नये. मराठी बोलणारे लिंगायताचे घर असो, बौद्धाचे असो की मातंगाचे, तिथेही जावे. ज्या मराठा घरात आज कानडी बोलतात त्यांना कानडी लिहू द्यावे, त्यांच्यावर रुसू नये. आकडे हाती आले की ते जसे असतील तसे याच पत्रिकेत छापावेत, कमी निघाले तरी छापावेत. मराठी वर्ग मागायला जाताना आपल्या हातात तोच आकडा असला पाहिजे.